अधिक की उणे : घरगुती डीव्हीडीची एक विसरलेली लढाई

मागे आवाज पोहोचतोय ना? ठीक.

या मालेत माझ्याआधी बोललेल्यांनी राज्यांचे, दुष्काळांचे, मोठमोठ्या संस्थांचे इतिहास सांगितले. मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे, ती या पिशवीत आहे. ही बघा. डीव्हीडी. समोर तरुण मंडळी बसली आहेत, त्यांच्यापैकी काहींनी ही फक्त लग्नाच्या अल्बमच्या खिशात पाहिली असेल. पण साधारण २००१ ते २००८ या काळात घरातलं जे जे जपायचं ते या चकतीवर जपायचं, असं आपण सगळ्यांनी ठरवलं होतं. आणि त्या काळात दुकानात गेलं की पहिला प्रश्न यायचा : अधिक देऊ की उणे?

तुम्ही म्हणाल, आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलेल्या माणसाने या भानगडीत कशाला पडावं? पडलो होतो म्हणून. आणि त्यात माझं नुकसान झालं म्हणून. ते सांगतोच, पण आधी ही लढाई कुठून आली ते बघू.

डीव्हीडीचा जन्मच मुळी तडजोडीतून झाला. १९९४-९५च्या सुमारास दोन गट समोरासमोर होते. एका बाजूला फिलिप्स आणि सोनी, दुसऱ्या बाजूला तोशिबा, मात्सुशिता म्हणजे पॅनासोनिकवाले, आणि त्यांच्या पाठीशी टाइम वॉर्नर. दोघांची चकती वेगळी. व्हीएचएस आणि बीटामॅक्स यांची मारामारी सगळ्यांना आठवत होती. बीटामॅक्स घेतलेल्यांची कपाटं कशी निकामी झाली तेही आठवत होतं. तेव्हा संगणक बनवणाऱ्या कंपन्या मध्ये पडल्या, त्यात आयबीएमचा पुढाकार मोठा. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आम्हाला एकच चकती द्या, दोन दिल्यात तर एकही घेणार नाही. १९९५च्या अखेरीस समझोता झाला. चकतीची घडण तोशिबा गटाची, म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. आणि त्यावर खुणा कोरण्याची लिपी फिलिप्स-सोनीची. नोव्हेंबर १९९६मध्ये जपानात पहिले प्लेअर विकायला आले.

इथवर छान. पण हा समझोता वाचायच्या चकतीपुरता होता. घरी लिहायच्या चकतीचं काय, हे पक्कं झालंच नव्हतं. आणि घोडं तिथेच पेंड खाल्लं.

पायोनियरने १९९७मध्ये एकदाच लिहिता येणारी चकती काढली, डीव्हीडी-आर. सुरुवातीला ३.९५ जीबीची. ती लिहिणारं यंत्र सतरा हजार डॉलरच्या आसपास! म्हणजे ते स्टुडिओवाल्यांसाठी, तुमच्याआमच्यासाठी नव्हे. १९९८मध्ये पॅनासोनिक, हिताची, तोशिबा यांची डीव्हीडी-रॅम आली. गुणी वस्तू होती ती. लाखभर वेळा पुसून लिहिता येईल असं तिच्याबद्दल सांगत, पाटीसारखी वापरता यायची, पण पेटीत बसवलेली असायची आणि साध्या प्लेअरमध्ये चालायची नाही. गुणी असून बिनलग्नाची राहिलेली एखादी मावशी असते तशी तिची गत झाली. नंतर पायोनियरचीच पुसून लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू आली. हे सगळं अधिकृत मंडळाच्या, डीव्हीडी फोरमच्या छत्राखाली.

तिकडे फिलिप्स, सोनी, ह्यूलेट-पॅकार्ड, रिको, यामाहा, मित्सुबिशी केमिकल या मंडळींनी १९९७मध्येच वेगळी चूल मांडली. त्यांच्या चकतीचं नाव डीव्हीडी+आरडब्ल्यू. २००१मध्ये तिची यंत्रं बाजारात आली, आणि २००२मध्ये एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी+आर. आता यातली गंमत बघा. पहिल्या गटाच्या नावात जी आडवी रेघ आहे ती उण्याची नव्हतीच. ती नुसती जोडरेघ. आपण 'बाल-गोपाळ' लिहिताना घालतो तशी. पण शेजारी कोणीतरी अधिकचं चिन्ह लावून उभा राहिला, आणि बिचारी जोडरेघ एका रात्रीत उणे झाली! फोरमवाले 'डॅश आर म्हणा, मायनस म्हणू नका' असं सांगत राहिले, पण ऐकतो कोण? शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दावरून ठरतो, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. इतकं चांगलं उदाहरण मला तेव्हा मिळालं नाही.

मग खरा फरक काय होता? दोन्ही चकत्या ४.७ जीबीच्या, दोन्हींवर तोच ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर, दोन्हींच्या लेखनरेषांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. फरक होता तो लेसरला रस्ता दाखवण्यात. कोऱ्या चकतीवर आधीपासून एक सर्पिल चर असते, ती किंचित नागमोडी असते. उण्याच्या चकतीत चरींच्या मधल्या बांधावर छोटे खड्डे आधीच पाडलेले असतात, मैलाच्या दगडांसारखे, त्यावरून यंत्राला कळतं आपण कुठे आलो. अधिकच्या चकतीत हा पत्ता नागमोडी वळणातच गुंफलेला असतो आणि ती वळणं पुष्कळ दाट असतात. अधिकवाल्यांचं म्हणणं, आमची पद्धत वेगात लिहिताना जास्त भरवशाची, आणि लिहिणं मध्येच थांबलं तर पुन्हा अचूक तिथूनच जोडता येतं. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य होतं. उलट जुन्या प्लेअरमध्ये उण्याची चकती जरा जास्त ठिकाणी चालायची, असा लोकांचा अनुभव. त्यावर अधिकवाल्यांनी तोड काढली. चकतीवर तिच्या जातीची एक नोंद असते, ती बदलून 'मी छापील डीव्हीडी आहे' असं खोटंच लिहून ठेवायचं. प्लेअर फसायचा आणि चकती वाजवायचा. चिन्ह बदललं की वस्तू बदलते, असं मानणारी यंत्रंसुद्धा असतात म्हणायची.

पुसून लिहिता येणाऱ्या चकत्यांची अडचण निराळी होती. त्यांच्यात रंग नसतो, चांदी-इंडियम-अँटिमनी-टेल्युरियम असा मिश्रधातू असतो. लेसरने तापवून तो कधी स्फटिक, कधी अस्फटिक करायचा. तो प्रकाश कमी परतवतो, साधारण १८ ते ३० टक्के. छापील एकपदरी चकती ४५ ते ८५ टक्के परतवते. म्हणून जुने प्लेअर तिला ओळखत नसत.

२००२च्या शरदात सोनीने दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह आणला आणि थोड्याच काळात सगळ्यांनी तेच केलं. म्हणजे प्रश्न मिटला? कंपन्यांपुरता मिटला. आपण मात्र पुढची पाच वर्षं काउंटरवर उभं राहून अधिक-उणे करत होतो.

आता माझी गोष्ट.

माझे गुरुजी न्यायशास्त्रावर बोलत, ते आम्ही काही विद्यार्थ्यांनी १९८०च्या दशकात टेपवर घेतलं होतं. ९० मिनिटांच्या चौतीस कॅसेटी. गुरुजी लिहीत नसत, बोलत. त्यामुळे जे होतं ते या कॅसेटींत होतं. २००४च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. आपल्या शहरात अशीही गोष्ट घडू शकते, या धक्क्याने मी कॅसेटी संगणकात उतरवायला घेतल्या. सांगायला सोपं आहे, पण टेप ९० मिनिटांची असेल तर ९० मिनिटंच लागतात, गडबड करून चालत नाही. तीन महिने गेले.

हिशेब सांगतो, कारण ड्राइव्ह घेताना हाच हिशेब कामाला येतो. एकाच बाजूचा आवाज, पूर्ण प्रतीचा, म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. ९० मिनिटांचे झाले साधारण ४७६ एमबी. सीडीवर मावतात ७०० एमबी, म्हणजे एका सीडीवर एकच कॅसेट, चौतीस सीडी. डीव्हीडीवर नऊ कॅसेटी, म्हणजे चार चकत्यांत काम. (पुष्कळांना वाटायचं दुकानदाराने फसवलं, कारण डब्यावर ४.७ आणि संगणक दाखवतो ४.३८. फसवणूक नाही, कारखानदार हजाराने मोजतो, संगणक १०२४ने. आपल्याकडे शेर प्रांतोप्रांती बदलायचा, तसंच.) मी तपकीर गल्लीतून दोन्ही लिहिणारा रायटर घेतला आणि मुलाने तो संगणकात बसवून दिला. एकपट वेगाने चकती भरायला सत्तावन्न मिनिटं, चारपटीने पाव तास. आणि मध्ये वीज गेली तर? बफर संपला तर सांभाळून घेणारी युक्ती त्या ड्राइव्हमध्ये होती, पण भारनियमनावर कुठल्या जपानी अभियंत्याकडे उपाय असणार? दोन चकत्या अशाच गेल्या. त्यांवर आमच्याकडे पुढे बरीच वर्षं चहाचे कप ठेवले जात.

दोन संच करायचं ठरवलं. पहिला उण्याचा, चांगल्या नावाच्या चकत्यांवर. त्या संपल्या. दुसऱ्या संचासाठी पन्नास चकत्यांचा एक स्वस्त डबा घेतला, तो अधिकचा होता. नाव सांगत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. पहिला संच पुस्तकांच्या कपाटात उभा ठेवला. दुसरा प्लास्टिकच्या पाकिटांत घालून माळ्यावर, पत्र्याखाली.

आणि मग मी ती चूक केली. २००६मध्ये घर बदललं तेव्हा कॅसेटी देऊन टाकल्या. 'आता डिजिटल झालंय' म्हणालो. बायको म्हणाली होती, राहू द्या, जागा किती लागते? मी ऐकलं नाही.

पहिल्या संचातली दुसरी चकती एका विद्यार्थ्याने नेली ती परत आली नाही. मी निर्धास्त, कारण माळ्यावर दुसरी प्रत होतीच. २०१३मध्ये ती काढली. चारांपैकी तीन चकत्या वाचता येईनात. ड्राइव्ह नुसता घरघरत बसायचा आणि शेवटी 'कोरी चकती घाला' म्हणायचा. कोरी! हातात धरली तर कडेकडेने रंग विरल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या क्रमांकाची चकती मेलेल्या तिघींत होती.

मित्राच्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर तिच्यातल्या नऊपैकी पाच कॅसेटी निघाल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. चकती एका ड्राइव्हने वाचली नाही तर लगेच टाकू नका, दोन-तीन वेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. प्रत्येकाचा लेसर आणि चुका दुरुस्त करण्याची ताकद सारखी नसते. पण चार कॅसेटी गेल्या, सहा तासांचं बोलणं.

तेव्हा मी काय निष्कर्ष काढला असेल? 'अधिकची चकती टिकत नाही.' मी चार लोकांना तसं सांगितलंसुद्धा. आणि एके दिवशी उरलेल्या कॅसेटी ऐकत होतो, त्यात गुरुजी उपाधी समजावून सांगत होते. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण उलटं, जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणाल तर चुकाल. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठाय? धुराला अग्नी पुरत नाही, ओलं जळण लागतं. हे ओलं जळण म्हणजे उपाधी, जी नजरेआड राहते आणि आपण भलत्यालाच कारण समजतो. गुरुजींचा आवाज ऐकताना मला माझीच लाज वाटली. माझ्या दोन संचांत एक चिन्ह सोडून किती गोष्टी वेगळ्या होत्या! चकतीचा रंग वेगळा, कारखाना वेगळा, ठेवायची जागा वेगळी. आणि मी बोट ठेवलं अधिकच्या चिन्हावर, कारण डब्यावर तेवढंच मोठ्या अक्षरांत छापलं होतं.

खरी गोष्ट ही की एकदाच लिहायच्या चकतीत सेंद्रिय रंगाचा एक थर असतो, लेसर तो ठिकठिकाणी भाजतो, आणि तो रंग किती टिकतो यावर तुमचं सगळं अवलंबून. जपानातल्या तैयो युडेनने सायनाइन जातीच्या रंगावर सीडी-आर उभी केली; मित्सुबिशीने ॲझो जातीचा रंग वापरला, तो व्हर्बेटिमच्या नावाने विकला जायचा. या चांगल्या. पण डब्यावरचं नाव एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा, हा प्रकार सर्रास होता. आज एका कारखान्याची, उद्या दुसऱ्याची, डबा तोच. जाणकार लोक चकती ड्राइव्हमध्ये घालून तिच्या आतल्या पट्ट्यावरची कारखान्याची खूण सॉफ्टवेअरने वाचायचे. मित्सुबिशीची खूण एमसीसीने सुरू व्हायची. आपल्याकडेही नोइड्याची मोझर बेअर जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी होती, हे आता कोणाला सांगून खरं वाटत नाही. (माझा तो स्वस्त डबा त्यांचा नव्हता, गैरसमज नको.) याच कंपनीने पुढे २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी अशा दराने सिनेमे विकले, आणि २०१८मध्ये ती दिवाळखोरीत निघाली.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानकसंस्थेने ऑक्टोबर २००३मध्ये चकत्या कशा सांभाळाव्यात याची एक पुस्तिका काढली होती. म्हणजे मी ड्राइव्ह घ्यायच्या आधी! त्यात सगळं होतं. उभ्या ठेवा, थंड कोरड्या जागी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, कागदी लेबल चिकटवू नका, पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आपल्या पोथ्या लिहिणारे लेखक शेवटी काय लिहून ठेवायचे? तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधू नको, मूर्खाच्या हाती देऊ नको. माध्यम बदललं, यादी जवळपास तीच. मी पोथीवरची यादी वर्गात भक्तिभावाने सांगत असे आणि घरी चकत्या पत्र्याखाली ठेवत असे.

आणखी एक. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचा संगणक बुडाला, आणि संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवलेल्या बॅकअपच्या सीड्याही त्याच पाण्यात. सीड्या धुऊन वाळवल्या, काही वाचल्याही गेल्या, पण ते नशीब. एका खोलीतल्या दोन प्रती म्हणजे मोजायला दोन, पुराला एकच.

आता तुमच्यातले काही विचारतील, आज काय? आज रायटर घ्यायचा तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा घ्या, तो अधिक-उणे दोन्ही लिहितो आणि वाचतो. लॅपटॉपमध्ये आता ड्राइव्ह येत नाहीत. ॲपलने २००८च्या मॅकबुक एअरमधून तो काढला तेव्हा लोक हसले होते. ज्यांना खरोखर वर्षानुवर्षं ठेवायचंय त्यांच्यासाठी एम-डिस्क म्हणून एक जात निघाली, तिच्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा अजैविक थर असतो. बनवणारे हजार वर्षांचा दावा करतात. हजार वर्षांनी कोण तपासणार ते असो, कल्पना मात्र योग्य दिशेची आहे. पण ती लिहायला तिच्यासाठी केलेला ड्राइव्ह लागतो. आणि धंदा आटतोय. तैयो युडेनने २०१५मध्ये चकत्या सोडल्या, सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये लिहायच्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन थांबवलं.

म्हणून नवीन चकत्या कुठल्या घ्याव्यात यापेक्षा घरातल्या जुन्या आधी उघडा. लग्नं, मुंजी, आजोबांचा आवाज, जे असेल ते या दिवाळीच्या आत हार्ड डिस्कवर उतरवा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे, मुलाकडे ठेवा. उतरवल्यावर उघडून बघा. मी २००४मध्ये लिहिलेल्या चकत्या लिहून झाल्यावर एकदाही तपासल्या नव्हत्या. ड्राइव्ह 'झालं' म्हणाला, मी विश्वास ठेवला.

त्या चार कॅसेटींचं विचाराल तर त्यांतल्या एकीच्या हस्तलिखित टिपा माझ्या एका वर्गबंधूकडे सापडल्या, वहीत, शाईने लिहिलेल्या. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर लखलखीत. त्या मी टाइप करतोय. उरलेल्या तीन हेत्वाभासांवरच्या होत्या. त्या काळात गुरुजींच्या वर्गाला बसलेलं कोणी हे ऐकत असेल आणि घरात जुन्या टेपा असतील तर आयोजकांना कळवा, मी स्वतः येऊन उतरवून घेईन. तिसऱ्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून बसल्या आहेत. हां, विचारा.